एचआयव्हीची गोळी चालू आहे, मग पुढचं आयुष्य कसं? वर्धा जिल्ह्यातल्या वाचकांसाठी सविस्तर माहिती

वर्धा : एचआयव्ही म्हटलं की गावात अजूनही आवाज खाली येतो. "त्याला ते आहे म्हणे" एवढंच बोललं जातं, पुढचं कोणी बोलत नाही. या न बोलण्यामुळे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची भीती अनेकांच्या डोक्यात तशीच राहिली आहे. एचआयव्ही झाला म्हणजे माणूस दोन-चार वर्षांत संपला, असं तेव्हा वाटायचं, आणि औषध हाताशी नव्हतं तेव्हा बऱ्याचदा तसं घडतही होतं.

आज चित्र वेगळं आहे. वेळेवर तपासणी झाली, एआरटी औषध सुरू झालं आणि रोजची गोळी चुकली नाही, तर एचआयव्ही असलेला माणूस वावरातलं काम करतो, लग्न करतो, लेकरं मोठी करतो, नातवंडं पाहतो. शुगर-बीपीसारखा हा आयुष्यभर सांभाळायचा आजार झाला आहे. पण "सांभाळायचा" हा शब्द महत्त्वाचा. उपचारावर असलेल्या माणसाला आज सर्वात मोठा धोका असतो तो गोळी मध्येच सुटण्याचा. गोळी का सुटते, ती सुटू नये म्हणून काय करायचं आणि बाकी आयुष्य कसं जगायचं, याची माहिती एका ठिकाणी असावी म्हणून हा लेख. स्वतःसाठी, घरच्या कुणासाठी किंवा शेजाऱ्यासाठी जपून ठेवा.

गोळी नेमकं काय करते?

एचआयव्ही हा विषाणू रक्तातल्या सीडी-४ नावाच्या पेशींवर हल्ला करतो. या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. निरोगी माणसात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. उपचार नसेल तर वर्षानुवर्षं त्या कमी होत जातात. २०० च्या खाली गेल्या की टीबी, निमोनिया, तोंडात पांढरी बुरशी, सतत जुलाब असे आजार गाठतात. या अवस्थेला एड्स म्हणतात. म्हणजे एचआयव्ही असणं आणि एड्स होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेळेवर औषध घेणाऱ्या बहुतेकांना एड्सची पायरी येतच नाही.

एआरटीची गोळी विषाणूला शरीरात वाढू देत नाही. हे वावरातल्या तणासारखं समजा. वेळच्या वेळी डवरणी-निंदण झालं तर पऱ्हाटी जोमात येते, तण डोकं वर काढत नाही. पण तणाचं बी मातीत असतंच. डवरणी थांबली की पंधरा दिवसांत वावर भरून जातं. एचआयव्हीचंही बी शरीरात लपून राहतं. आजच्या औषधानं ते मुळासकट निघत नाही, म्हणून गोळी कायम घ्यावी लागते.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. गोळी अधूनमधून घेतली तर विषाणू त्या औषधाला सरावतो. मग तीच गोळी रोज घेतली तरी काम करत नाही. अशा वेळी वरच्या टप्प्याचं औषध द्यावं लागतं. तेही सरकारी केंद्रात मोफत आहे, पण गोळ्या जास्त असतात आणि पुढचे पर्याय कमी होत जातात.

इथवर कसं पोहोचलो?

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली चेन्नईत झाली. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे नॅको स्थापन झाली. त्याच साली पुण्याच्या भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे नारी, उभी राहिली. तेव्हा औषधं परदेशी आणि महाग होती, एका माणसाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात जायचा. २००१ मध्ये सिप्ला या भारतीय कंपनीनं तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला आणि जगभरातल्या गरीब देशांत औषध पोहोचण्याचा रस्ता खुला झाला.

१ एप्रिल २००४ पासून भारत सरकारनं मोफत एआरटी सुरू केली. सुरुवात मोजक्या केंद्रांवर झाली, मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्यातलं एक. आधी सीडी-४ एका आकड्याच्या खाली गेल्यावरच औषध मिळायचं. २०१७ पासून तो नियम गेला. आता तपासणीत एचआयव्ही आढळला की सीडी-४ कितीही असो, उपचार सुरू करता येतो. आज बहुतेक मोठ्या माणसांना टीएलडी नावाची, टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधं एकत्र असलेली एकच गोळी दिवसातून एकदा घ्यावी लागते. पूर्वीच्या औषधांपेक्षा तिचा त्रास कमी आणि असर लवकर.

देशात एचआयव्हीसह जगणारे अंदाजे २५ लाख लोक आहेत. त्यांतले सर्वात जास्त आपल्या महाराष्ट्रात. म्हणजे तुम्ही एकटे नाही.

एक गोळी, एक वेळ

गोळीची वेळ आपल्या दिवसाला जुळणारी निवडा. पहाटे वावरात जाणाऱ्यानं सकाळच्या चहासोबतची वेळ धरावी. पाळीत काम करणाऱ्यानं दोन्ही पाळ्यांत जागा असतो अशी वेळ धरावी. मोबाईलमध्ये रोजचा अलार्म लावा. अलार्मला नाव "गोळी" असंच हवं असं नाही, "मोटर बंद" लिहिलं तरी चालतं. तुम्हाला कळलं म्हणजे झालं.

टीएलडी जेवणाआधी, जेवणानंतर किंवा उपाशीपोटीही घेता येते. म्हणून नवरात्र, एकादशी, श्रावणातले उपवास, रमजानचे रोजे यांमुळे गोळी बंद ठेवायची गरज नाही. रोजा असेल तर सहेरीची किंवा इफ्तारीची वेळ कायमची धरता येते.

डॉक्टर सांगतात की १०० पैकी किमान ९५ गोळ्या वेळेवर पोटात गेल्या पाहिजेत. हिशेब सोपा आहे. महिन्याच्या ३० गोळ्यांतली एक चुकली तर अजून काठावर आहात, दोन चुकल्या तर ९५ च्या खाली गेलात. म्हणून "एखाद-दोन दिवसानं काय होते" हे मनातून काढून टाका.

गोळी चुकली तर?

आठवण होताच घ्या. पण पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल, म्हणजे तीन-चार तासांवर, तर चुकलेली सोडा आणि पुढची वेळेवर घ्या. दोन गोळ्या एकदम घेऊ नका. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर केंद्रात फोन करून विचारा. बरेच दिवस गोळ्या सुटल्या असतील तर लाजून घरी बसू नका. केंद्रात जा आणि किती दिवस सुटल्या ते खरं सांगा. तिथं रागावण्यापेक्षा पुन्हा सुरू करून देण्याला महत्त्व आहे. "सगळ्या घेतल्या" असं खोटं सांगितलं तर डॉक्टरला वाटतं औषधच लागू पडत नाही, आणि उपचार चुकीच्या दिशेनं जातो.

गोळी कुठं कुठं सुटते?

*बरं वाटायला लागल्यावर.* वजन वाढलं, अंगात ताकद आली की वाटतं, आता कशाला गोळी? पण ही ताकद गोळीमुळेच आहे. ती बंद केली की काही आठवड्यांत विषाणू परत वाढतो. माणसाला मात्र ते महिनोन्‌महिने जाणवत नाही.

*सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या घाईत.* मजुरी बुडते म्हणून केंद्रात जायचा दिवस पुढं ढकलला जातो. आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूरच्या टोकाच्या गावातून वर्ध्याला जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडतो, हे खरं आहे. त्यासाठी दोन सोयी विचारून घ्या. तब्येत स्थिर असलेल्यांना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची पद्धत आहे. शिवाय मुख्य केंद्राला जोडलेली लिंक एआरटी केंद्रं असतात, तिथून जवळच्या जवळ गोळ्या घेता येतात. तुमच्या तालुक्याला सोयीचं केंद्र कोणतं, हे समुपदेशक सांगतात. बाटलीत आठ-दहा गोळ्या उरल्या असतानाच जा, शेवटच्या गोळीची वाट पाहू नका.

*बाहेरगावी कामाला गेल्यावर.* बुटीबोरी, नागपूर, पुणे, कुठंही जा, एआरटी पुस्तिका सोबत ठेवा. थोड्या दिवसांसाठी गेलात आणि गोळ्या संपल्या तर तिथल्या सरकारी एआरटी केंद्रात पुस्तिका दाखवून काही दिवसांच्या गोळ्या मिळू शकतात. कायमचंच जायचं असेल तर नाव तिकडच्या केंद्रात वर्ग करून घ्या.

*बाटली लपवण्याच्या नादात.* घरात पाहुणे आले, बाटली काढता आली नाही आणि गोळी गेली, हे फार घरांत होतं. दोन-तीन दिवसांच्या गोळ्या साध्या डबीत वेगळ्या ठेवा. बाकी गोळ्या मूळ बाटलीतच राहू द्या, कारण आतली ओल शोषणारी पुडी त्यांना सांभाळते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा बाटली टिनाच्या पत्र्याखाली, गाडीच्या डिक्कीत किंवा चुलीजवळ ठेवू नका. माठाजवळच्या ओलीतही नको. घरातल्या सावलीच्या, कोरड्या कोपऱ्यात ठेवा.

*"पूर्ण बरा करतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागून.* जडीबुटी, भस्म, मंतरलेलं पाणी, "गॅरंटीनं एचआयव्ही निगेटिव्ह" अशा जाहिराती मोबाईलवर येत राहतात. एड्स बरा करतो असा दावा करून औषध विकायला आपल्या औषध नियमांनुसार मनाई आहे. देवावर श्रद्धा असेल तर दर्शनाला जरूर जा, पण गोळी खिशात घेऊन जा.

कोणत्या तपासण्या, कधी?

पहिली आणि मुख्य तपासणी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याची मोजणी. उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग वर्षानं, त्यानंतर दरवर्षी एकदा ती होते. सरकारी केंद्रात ती मोफत आहे. आकडा १००० च्या आत असला तर औषध काम करतंय. "सापडला नाही" असा रिपोर्ट आला तर सर्वात चांगलं. पण त्याचा अर्थ आजार गेला असा नाही, विषाणू दबला आहे असा आहे. आकडा १००० च्या वर आला तर आधी गोळ्या कुठं सुटतात ते पाहतात, काही महिने नीट घेऊन पुन्हा तपासतात आणि तरीही वर राहिला तर औषध बदलण्याचा विचार होतो.

सीडी-४ ची तपासणी सुरुवातीच्या काळात दर सहा महिन्यांनी होते. टेनोफोविर किडनीवर परिणाम करू शकतं म्हणून क्रिएटिनिन पाहतात. वय चाळिशीपुढं गेलं की बीपी, शुगर, चरबी यांचीही तपासणी ठरावीक वेळानं करा. एचआयव्ही असलेल्या माणसांचं आयुष्य वाढलं आहे, त्यामुळे म्हातारपणाचे आजार त्यांनाही होणारच. महिलांनी गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी जरूर करावी, एचआयव्ही असलेल्या बाईला त्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. तपासणी साधी आहे, दुखत नाही.

गोळीचा त्रास आणि दुसरी औषधं

सुरुवातीचे काही दिवस डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं असा त्रास होऊ शकतो. बहुतेकांचा तो आपोआप जातो. झोप लागत नसेल तर गोळी रात्रीऐवजी सकाळी घेता येते, आधी डॉक्टरला विचारा. काहींचं वजन वाढतं. पण अंगावर पुरळ, डोळे पिवळे, सतत उलट्या किंवा लघवी कमी होणं असं काही दिसलं तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

दुसरी औषधं घेताना हे लक्षात ठेवा :

- लोह (रक्तवाढीची) आणि कॅल्शियमची गोळी : गरोदर महिलांना आशाताई या गोळ्या देतात. त्या आणि टीएलडी जेवणासोबत एकत्र चालतात. उपाशीपोटी असाल तर टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या.
- ॲसिडिटीचं पातळ औषध : त्यातल्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियममुळे टीएलडी नीट लागू पडत नाही. इथंही दोन तास आधी किंवा सहा तास नंतर.
- शुगरची मेटफॉर्मिन : टीएलडीसोबत तिचा डोस मर्यादित ठेवावा लागतो. शुगरच्या डॉक्टरला एआरटीबद्दल सांगा.
- फिट्सची औषधं : काही फिट्सच्या गोळ्या टीएलडीचा असर कमी करतात. डॉक्टरला न विचारता दोन्ही एकत्र घेऊ नका.
- कंबरदुखी-गुडघेदुखीच्या गोळ्या, इंजेक्शनं : मनानं वारंवार घेतली तर किडनीवर दुहेरी भार पडतो.

आणखी एक. टीएलडीतली दोन औषधं कावीळ-बी वरही काम करतात. ज्याला दोन्ही आहेत त्यानं गोळी अचानक सोडली तर लिव्हरचा त्रास उफाळू शकतो.

टीबीवर डोळा ठेवा

आपल्याकडे एचआयव्ही असलेल्यांचा सर्वात मोठा वैरी टीबी आहे. खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम येणं, या चारपैकी एकही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता केंद्रात सांगा. टीबी नसेल तर तो होऊ नये म्हणूनही गोळ्या देतात, त्या पूर्ण करा. टीबी निघालाच तर दोन्ही उपचार सोबत चालतात. टीबीच्या औषधामुळे डोल्युटेग्राविरचा असर कमी होतो म्हणून त्या काळात त्याची जास्तीची एक गोळी दिली जाते. टीबीच्या उपचारात निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये खात्यात मिळतात. नोंदणी झाली का, ते विचारा.

खाणं, खर्रा आणि दारू

महागड्या पावडरींची गरज नाही. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, मेथी-पालक-अंबाडी अशी भाजी, जवसाची चटणी, फुटाणे-शेंगदाणे, अंडं, जमेल तेव्हा दूध-दही, हंगामात संत्रा-पेरू. आपलं जेवण चांगलंच आहे, फक्त पोटभर आणि वेळेवर हवं. पाणी स्वच्छ प्या, पावसाळ्यात उकळून.

खर्रा, तंबाखू आणि बिडी सोडा. तोंडाचा कॅन्सर, हृदय, फुप्फुस, तिन्हीला त्यानं धोका वाढतो. विषाणू दाबून ठेवल्यावर खर्ऱ्यानं तोंडाचा कॅन्सर ओढवून घ्यायचा, यात काय शहाणपण? आपला जिल्हा कागदावर दारूबंदीचा आहे, तरी दारू मिळते हे सगळ्यांना ठाऊक आहे. दारू प्याली की गोळी विसरते, लिव्हरवर भार पडतो. सुटत नसेल तर समुपदेशकाला सांगा. पण "आज प्यालो, म्हणून गोळी घेत नाही" असं मात्र करू नका. गोळी घ्याच.

नवरा-बायको, लग्न आणि लेकरं

एका ताटात जेवल्यानं, एकाच विहिरीचं पाणी प्याल्यानं, मिठी मारल्यानं, खोकल्यानं, डास चावल्यानं, एकच संडास वापरल्यानं एचआयव्ही होत नाही. तो असुरक्षित संबंध, बाधित रक्त किंवा सुई, आणि आईकडून बाळाला या मार्गांनीच जातो.

आता यातली मोठी गोष्ट. गोळी नियमित चालू आहे आणि व्हायरल लोड सापडत नाही एवढा खाली टिकून आहे, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही. जगभरातल्या मोठ्या अभ्यासांतून हे सिद्ध झालं आहे. २०११ मध्ये निकाल जाहीर झालेल्या अशाच एका अभ्यासात पुण्याच्या नारी संस्थेतली जोडपीही होती. लवकर औषध सुरू केल्यानं जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटलं, असं त्यात दिसलं. तरी निरोध वापरणं फायद्याचंच, कारण गरमी-परमासारखे इतर गुप्तरोग आणि नको असलेली गर्भधारणा गोळी थांबवत नाही.

जोडीदाराची आणि लेकरांची तपासणी करून घ्या. एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी जोडपी पुष्कळ आहेत. बाईची तपासणी गरोदरपणात आधी होते म्हणून घरात तिलाच आधी कळतं आणि "हिनंच आणला" असा ठपका तिच्यावर बसतो. कोणाचं आधी कळलं यावरून कोणाकडून आला हे ठरत नाही.

मूल हवं असेल तर आधी केंद्रात बोला. उपचार नसेल तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आई वेळेवर गोळी घेत असेल तर ती ५ टक्क्यांच्याही खाली येते, विषाणू पूर्ण दबलेला असेल तर आणखी कमी. बाळंतपण दवाखान्यातच करा. बाळाला पहिले काही आठवडे औषध पाजतात, सहा आठवड्यांपासून तपासण्या होतात आणि १८ महिन्यांची शेवटची तपासणी झाल्यावर पक्कं कळतं. सहा महिने फक्त आईचं दूध द्या. मध आणि वरचं दूध अजिबात नको, कारण आईचं आणि वरचं दूध मिसळून दिल्यानं धोका वाढतो.

जन्मतः एचआयव्ही असलेली मुलंही मोठी होतात. लातूर जिल्ह्यातल्या हासेगावचं सेवालय, पंढरपूरचं पालवी अशा संस्थांत वाढलेली अनेक मुलं आज जाणती झाली आहेत. एचआयव्ही असलेल्या तरुण-तरुणींची लग्नंही महाराष्ट्रात लागतात.

कोणाला सांगायचं? कायदा काय म्हणतो?

गावभर सांगायची गरज नाही. पण घरातल्या विश्वासाच्या एका माणसाला तरी सांगा. गोळीची आठवण द्यायला, आजारपणात केंद्रात जायला कोणीतरी हवं. जोडीदाराला सांगणं अवघड जातं, समुपदेशकाच्या समोर बसून सांगितलं तर सोपं होतं.

एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार :

- एचआयव्ही आहे म्हणून नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर नाकारता येत नाही.
- तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही.
- तुमच्या संमतीशिवाय ही माहिती दुसऱ्याला सांगता येत नाही. कायद्यात दिलेले मोजके अपवाद सोडून.
- १८ वर्षांखालच्या मुलाला घरातून हाकलता येत नाही.
- एचआयव्ही असलेल्यांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला तीन महिने ते दोन वर्षं कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाचा रिपोर्ट फिरवणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

आणि एक जबाबदारीही आहे. आपल्याकडून दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून काळजी घेणं हे कायद्यानं बाधित माणसावरही सोपवलं आहे.

वर्ध्यानं हे एकदा पाहिलेलं आहे

आजारापेक्षा लोकांचा तिटकारा जास्त छळतो, हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. कुष्ठरोग झालेल्याला गावाबाहेर काढलं जायचं, त्या काळात, १९३६ साली, मनोहर दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. सेवाग्राम आश्रमात गांधीजींनी परचुरे शास्त्रींना ठेवून घेतलं, स्वतःच्या हातानं त्यांची सेवा केली. त्यांची कुटी आजही तिथं आहे. पुढं औषध आलं, कुष्ठरोग बरा होऊ लागला, तरी मनातला कुष्ठरोग जायला वेळ लागला. एचआयव्हीचं औषध तर आलेलंच आहे. आता गावानं एवढंच करायचं, ज्याच्या घरी हा आजार आहे त्याच्या घरचा चहा टाळायचा नाही.

कोणत्या योजना?

- *संजय गांधी निराधार अनुदान योजना :* दुर्धर आजारांच्या यादीत एचआयव्ही आहे. उत्पन्नाची आणि इतर अटी आहेत. अर्ज तहसील कार्यालयात.
- *बालसंगोपन योजना :* एचआयव्हीबाधित मुलं आणि ज्यांचे आई-वडील बाधित आहेत अशी मुलं यासाठी दरमहा मदत. चौकशी महिला व बालविकास विभागात.
- *एसटी प्रवास सवलत :* एचआयव्हीबाधितांसाठी आहे. कोणते कागद लागतात ते केंद्रात विचारा.

अर्जाच्या कागदावर आजाराचं नाव दिसेल या भीतीनं अनेकजण योजना सोडतात. समुपदेशकाला विचारा. गुप्तता पाळणं त्या कार्यालयावरही बंधनकारक आहे.

अजून तपासणीच केली नसेल तर?

एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्र, म्हणजे आयसीटीसी, वर्ध्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात आहे. हिंगणघाट आणि आर्वीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयातही चौकशी करा. तपासणी मोफत, रिपोर्ट गुप्त. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तिथूनच एआरटी केंद्रात नाव नोंदवून देतात. नुकताच धोका झाला असेल, जसं वापरलेली सुई टोचली किंवा जबरदस्ती झाली, तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठा. लागण होऊ नये म्हणून २८ दिवसांच्या गोळ्या मिळतात. जितकं लवकर जाल तितकं चांगलं.

नॅकोची हेल्पलाईन १०९७ मोफत आहे. नाव न सांगताही बोलता येतं.

*(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. औषध सुरू करणं, बदलणं किंवा थांबवणं हे एआरटी केंद्राच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच करा.)*